रुंद पडद्यावरचे अकलूजचे स्थळ

माणसाचा स्वभाव चेहऱ्यावरून ओळखण्याच्या बाबतीत माझ्याकडून आजवर चूक झालेली नव्हती, हे मी गर्वाने सांगत नाही. केवळ नोंद राहावी म्हणून सांगते. आमच्या भावकीतील एकोणीस लग्ने मी फोटो पाहून मंजूर केली आणि एकोणीसही टिकली. विसावे मी नामंजूर केले होते. ते माझ्या माघारी उरकण्यात आले, आणि तो जावई आज कोठे आहे हे त्याच्या सासऱ्यालाही ठाऊक नाही. त्यामुळे माझी नात सृष्टी हिच्यासाठी अकलूजचे स्थळ सांगून आले, तेव्हा मुलाचा फोटो प्रथम माझ्यापुढे येणार हे ओघानेच आले.

पूर्वी फोटो पाकिटातून येत असे. तो उजेडात धरता येई, मागे फिरवून स्टुडिओचे नाव वाचता येई, आणि नापसंत पडला तर पाकिटासह परत करता येई. आता तो मोबाईलवर येतो. परंतु साडेपाच फुटांचा माणूस बोटभर चौकटीत पाहून निकाल देणाऱ्यांपैकी मी नव्हे. म्हणून आमच्या जुळे सोलापूरच्या घरात मी नियमच घालून दिला आहे, की फोटो दिवाणखान्यातील कॉम्प्युटरच्या बावीस इंची पडद्यावर मोठा करून दाखवावा, आणि तो पाहताना कोणी मध्ये बोलू नये.

सोमवारी सकाळी सृष्टीने फोटो उघडला. मध्यस्थ म्हणून माझा मंद्रूपचा चुलतभाऊ जोतिराम आला होता, तो शेजारी बसून चहा पीत होता. मी चष्मा पुसला, खुर्ची पुढे घेतली आणि पाहिले. चेहरा साफ चौकोनी. गाल दोन्ही बाजूंनी कानांना भेटायला निघालेले. हनुवटी पाटासारखी सपाट. माझा पन्नास वर्षांचा अनुभव असा, की चौकोनी चेहऱ्याचा पुरुष हट्टी असतो.

“आक्का, पोरगं लई गुणाचं हाय,” जोतिराम म्हणाला. “इंद्रजीत नाव. डेअरीत चांगल्या हुद्द्यावर हाय. सुपारीचं खांडसुदिक खात न्हाय.”

“गुणांविषयी वाद नाही, हट्टाविषयी आहे,” मी म्हटले. “आमच्या घरात एक हट्टी माणूस आहे, तेवढे पुरे.”

माझा मुलगा सिद्धराम यावर वर्तमानपत्राआड गेला. मी त्याच्याविषयी बोलत आहे हे त्याच्या लक्षात आले असावे.

“आज्जी,” सृष्टी म्हणाली, “काल ते अपडेट झाल्यापासून स्क्रीन जरा ताणल्यासारखी दिसते की.”

“यंत्राला दोष देऊ नकोस. हनुवटी यंत्र घडवत नाही.”

नकार त्याच दिवशी कळवला गेला. सृष्टी फार्मसी कॉलेजात शिकवते. तिला दिवसभर बोलण्याची सवय आहे. त्या दिवशी ती बोलली नाही. रात्रीच्या जेवणात तिने शेंगाची चटणी घेतली नाही, तेव्हा मी सुनेला, म्हणजे पूनमला, कारण विचारले. पूनमने कढईकडे पाहत सांगितले, की मुलीचे आणि त्या मुलाचे फोनवर दोनदा बोलणे झाले होते आणि ते दोघांनाही आवडले होते. बोलणे आवडणे ही वेगळी बाब आहे. बोलण्यात हनुवटी दिसत नाही. मी तो विषय तेथे संपवला.

तो संपला नाही याला ज्येष्ठ नागरिक संघ कारणीभूत आहे. गुरुवारी संघाच्या ओळखपत्रासाठी माझा फोटो पाठवायचा होता. गेल्या दिवाळीत काढलेला, पैठणीतला, माझ्या मते बऱ्यापैकी उतरलेला तो फोटो सृष्टीने पडद्यावर उघडला. पडद्यावर जी स्त्री बसली होती तिला मी ओळखत नव्हते. तिची नथ बांगडीएवढी होती. तिचे कपाळ पाहून तिला मी कोणाच्याही घरात सून म्हणून सुचवले नसते.

मी एका क्षणात निदान केले. “यंत्र बिघडले आहे.”

पूनम हळूच म्हणाली, “आत्या, मग सोमवारचा तो...”

“सोमवारचा विषय वेगळा आहे,” मी म्हटले. मात्र माझ्या आवाजात नेहमीचे वजन नव्हते हे मी येथे प्रामाणिकपणे नमूद करते.

सृष्टीने मला शास्त्र समजावले. कॉम्प्युटरच्या मेंदूतून पडद्यापर्यंत चित्र नेऊन पोहोचवणारी एक आज्ञावली असते. तिला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. अपडेटच्या गडबडीत ती नाहीशी झाली होती, आणि तिच्या जागी आलेल्या कामचलाऊ आज्ञावलीला आमच्या पडद्याचे खरे माप ठाऊक नव्हते. तिने जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचे चित्र घेतले आणि रुंद पडद्यावर ओढून बसवले. परिणामी जे तीन बोटे रुंद असेल ते चार बोटे दिसत होते.

“तुला हे सोमवारी माहीत होते?”

“होय की. सांगत होते, तर तुम्ही म्हणाला, हनुवटी यंत्र घडवत नाही.”

वाक्य माझेच होते आणि चांगले होते.

संध्याकाळी जोतिरामचा फोन आला. अकलूजची मंडळी रविवारी करकंबला दुसरी मुलगी बघायला निघणार होती. सृष्टी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती; मग आत जाऊन तिने भांडी घासायला घेतली, जी बाई घासून गेली होती.

आता कोणी म्हणेल, फोटो मोबाईलवर पाहून टाकायचा होता. सिद्धरामने तसे म्हटलेच. परंतु निकाल ज्या न्यायालयात लागला त्याच न्यायालयात तो फिरवला पाहिजे. पडदा आधी दुरुस्त होईल, मग मी पाहीन, आणि माझ्याकडून काही अन्याय झाला असल्यास, रविवारपूर्वी त्याचा विचार होईल, असे मी जाहीर केले. हाती दोन दिवस होते.

शुक्रवारी सगळे आपापल्या कामाला गेले असता शेजारचे वीरभद्रप्पा आले. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले असून, ज्यात तार आहे ते सर्व आपल्याला समजते अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी पडद्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या. स्टॅबिलायझर बसवण्याचा सल्ला दिला. मग ड्रायव्हर या शब्दावर जो विनोद कोणालाही सुचेल तो त्यांनी केला. मी हसले नाही, म्हणून त्यांनी तो पुन्हा समजावून सांगितला.

“वैनी, हे ड्रायव्हर इंटरनेटवर फुकट मिळतंय,” ते म्हणाले. “हे बघा हिरवं बटण. दाबू काय?”

त्यांनी विचारले तेव्हा त्यांचे बोट बटणावरून उचलले जात होते. यंत्र बंद झाले, पुन्हा सुरू झाले, आणि पडद्यावर सर्व काही उलटे झाले. अक्षरे डोक्यावर उभी होती.

“अय्यो शिवने! वैनी, रुंदी तरी गेली काय?”

“नाही. रुंदी आहे. आता ती खाली डोके वर पाय आहे.”

वीरभद्रप्पांनी हार मानली नाही. पडदा उलटा दिसत असेल तर पडदाच उलटा ठेवावा, असा विचार त्यांनी मांडला, आणि दुर्दैवाने मला तो त्या वेळी पटला. आम्ही दोघांनी, मिळून एकशे एकोणपन्नास वर्षे वयाच्या माणसांनी, तो पडदा दिवाणावर उचलून नेला आणि दोन लोडांच्या मध्ये डोक्यावर उभा केला. अक्षरे सरळ झाली. परंतु माऊस उजवीकडे नेला की बाण डावीकडे जाई आणि वर नेला की खाली येई. वीरभद्रप्पांनी तोंड भिंतीकडे करून, हात पाठीमागे घेऊन माऊस चालवून पाहिला. सिद्धराम नेमका तेव्हाच ऑफिसातून आला.

“आई, हे काय चाललंय?”

“तात्पुरती व्यवस्था,” मी म्हटले.

त्या संध्याकाळी मी दुसरा नियम घातला: माझ्या स्पष्ट परवानगीवाचून या यंत्राचे कोणतेही बटण कोणीही दाबणार नाही. हा नियम विचारपूर्वक घातला होता, आणि त्यानेच पुढे घात केला.

शनिवारी सकाळी अमरेश आला. हा पन्नाशीचा गृहस्थ पूर्वी टीव्ही दुरुस्त करीत असे; आमचा कृष्णधवल संच त्यानेच तीन वेळा जिवंत केला होता. त्याने पडदा सरळ केला, वीरभद्रप्पांचा ड्रायव्हर काढून टाकला आणि खिशातील पेनड्राइव्हमधून दुसरा घातला.

“तपासायला एखादा फोटो उघडा,” तो म्हणाला. “माणसाचा असला तर बरं. बिघाड तोंडावर लगेच कळतो.”

सृष्टीने फोटो उघडला. घरात चार हजार फोटो आहेत. तिने इंद्रजीतचा उघडला. मी तिच्याकडे पाहिले; ती कॅलेंडरकडे पाहत होती.

अमरेशने मापांच्या यादीतून योग्य माप निवडले. पडदा क्षणभर काळा झाला आणि उजळला.

चौकोन नाहीसा झाला होता. त्या जागी लांबट, शांत चेहऱ्याचा, सरळ नाकाचा एक मुलगा समोर पाहत होता. हसू ओठांत दाबले होते, जणू फोटो काढणाऱ्याने काही चेष्टा केली होती आणि हसावे की नाही हे त्याने मोठ्यांवर सोपवले होते. गाल कानांपासून सभ्य अंतरावर होते. मी त्याच्याकडे पाहत राहिले. सृष्टी कॅलेंडर सोडून पडद्याजवळ येऊन उभी राहिली.

“मावशी,” अमरेश म्हणाला, “हे विचारतंय, बदल ठेवायचा काय. ठेवू काय?”

माझ्या नियमाप्रमाणे त्याचे बोट परवानगीसाठी थांबले होते. मी नाक पाहत होते.

“मावशी, पंधरा सेकंद देतंय ते. नाही सांगितलं तर पहिल्यासारखं करतंय. सात राहिले. मावशी?”

“थांब जरा,” मी म्हटले.

यंत्र थांबले नाही. माझ्या डोळ्यांदेखत त्या सभ्य मुलाचे गाल पुन्हा कानांना जाऊन मिळाले.

अमरेशने पुन्हा माप निवडण्यासाठी हात पुढे केला, आणि वीज गेली. जुळे सोलापुरात वीज जाते तेव्हा ती सांगून जात नाही आणि सांगून येत नाही. दोन तासांनी आली, तेव्हा अर्धवट बसलेला ड्रायव्हर मोडून पडला होता आणि पडदा पूर्ण काळा होता. कसाबसा उजेड परत आणून अमरेशने सांगितले, की आता नेमका आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर हवा, आणि तो कंपनीला नोंदणी पटवून दिल्याशिवाय मिळणार नाही.

“आज्जी, बघितलं की तुम्ही,” सृष्टी म्हणाली. “आता आणि काय पाहिजे?”

“पंधरा सेकंदांच्या पुराव्यावर मी भाजी घेत नाही,” मी म्हटले. खरे सांगायचे तर मला खात्री पटली होती. परंतु खात्री पटणे आणि ती फोनवर परक्या माणसाला सांगणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर पार करण्यापूर्वी मला कंपनीशी बोलणे सोपे वाटले.

ते सोपे नव्हते. मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, असे करीत बावीस मिनिटांनी एक मुलगी भेटली. तिला यंत्राच्या बुडावरचा सोळा अक्षरांचा क्रमांक हवा होता. सिद्धरामने जमिनीवर आडवे होऊन तो वाचला. मग ती म्हणाली, की नोंदवलेल्या मोबाईलवर सहा आकडी ओटीपी पाठवला आहे, तो दहा मिनिटांत सांगा. नोंदवलेला नंबर सिद्धरामचा जुना होता. तो त्याने चार वर्षांपूर्वी सोडला. मला तो पाठ होता. मी स्वतः फिरवला.

पलीकडे वारा होता आणि मेंढरे ओरडत होती.

“कोण हाय?”

“मी सोलापूरहून वच्छलाबाई बोलते. आपले नाव?”

“बिरप्पा. मंद्रूपच्या माळावर हाय. का वो?”

“बिरप्पा, तुमच्या मोबाईलवर आत्ता सहा आकडे आले असतील. तेवढे वाचून दाखवा.”

“न्हाय.”

“आले नाहीत?”

“आल्यात. सांगणार न्हाय. बँकंचा सायेब म्हणालाय, बाई कितीबी ग्वाड बोलली तरी सांगायचं न्हाय.”

“मी गोड बोलत नाही,” मी म्हटले.

“व्हय, त्ये खरं,” बिरप्पा विचार करून म्हणाला. “पर सांगणार न्हाय.”

मी त्याला समजावले. हा बँकेचा विषय नसून पडद्याचा आहे, पडद्यावर एक चेहरा आहे आणि त्या चेहऱ्यावर माझ्या नातीचे लग्न अवलंबून आहे, हे सर्व मी क्रमाने सांगितले. तो म्हणाला, गेल्या साली त्याच्या साडूला असेच लग्नाचे सांगून फसवले होते. माझ्या हुकमाला इतक्या शांतपणे नाही म्हणणारा माणूस मला बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता, आणि तो बरोबर होता ही आणखी अडचण होती. अखेर मी म्हटले, की माझे माहेर मंद्रूपचेच. त्याने विचारले, कोणाच्या घरातल्या. मी जोतिरामचे नाव सांगितले.

“जोतिराम व्हय! मंग त्येला हितं धाडा. त्येचं त्वांड बघून सांगतो. फोनवर न्हाय.”

म्हणजे चेहरा पाहिल्यावाचून विश्वास ठेवायचा नाही, हे तत्त्व बिरप्पाही पाळत होता. मला त्याच्याविषयी आदर वाटला. जोतिराम मोटारसायकलवरून माळावर पोहोचेपर्यंत दोन ओटीपी वाया गेले. तिसरा त्याने बिरप्पाच्या शेजारी उभे राहून वाचून दाखवला, आणि शेवटचा आकडा मेंढरांच्या ओरडण्यात बुडाल्यामुळे तो पुन्हा, ओरडून वाचला. कंपनीने ड्रायव्हर दिला. रविवारी सकाळी आठ वाजता अमरेशने तो बसवायला घेतला, यंत्राने विचारले, आणि मी पहिल्याच सेकंदाला म्हटले, “ठेव.”

मुलगा शनिवारी होता तसाच होता. नऊ वाजले होते.

“नंबर लाव,” मी सृष्टीला सांगितले. मुलाची आजी केराबाई हीच त्या घरातली कर्ती, हे मला जोतिरामकडून कळले होते. स्पीकर कोणी सुरू केला मला ठाऊक नाही. अमरेश वायर गुंडाळण्यात गुंतल्यासारखा झाला आणि साखर मागायला आलेले वीरभद्रप्पा साखर घेऊनही उभे राहिले.

“बोला,” केराबाई म्हणाल्या. मागे गाडीचा आवाज होता.

“नमस्कार. मी सृष्टीची आजी. आपल्या नातवाच्या फोटोसंदर्भात आमच्याकडील यंत्रसामग्रीत काही तांत्रिक अडचण उद्भवल्यामुळे, सोमवारी कळवलेल्या निर्णयाचा फेरविचार करणे...”

“थांबा जरा. सोमशेखर, गाडी कडंला घे. ह्या बाई काय म्हणत्यात मला समजंना.” गाडी थांबली. “हां. आमी टेंभुर्णीच्या चौकात हाओत. हितनं एक वाट करकंबला जाती, एक तुमच्याकडं. कुटं वळायचं त्ये सांगा.”

“फोटो रुंद दिसत होता.”

“फोटूचं चुकलं?”

“पडद्याचे.”

“न्हाय म्हणून निरोप पडद्यानं धाडला व्हता व्हय?”

मी खोलीत पाहिले. सृष्टीने ओढणीचे टोक दोन्ही मुठींत धरले होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती. फोनकडे पाहत होती, जणू तो आता उठून निघून जाईल.

“माझे चुकले,” मी म्हटले.

“आवाज येत न्हाय.”

“माझे चुकले!”

बाहेर भाजीवाल्याने गाडा थांबवला. वीरभद्रप्पांच्या वाटीतली थोडी साखर सांडली. पलीकडे केराबाई हसू लागल्या.

“बरं वाटलं. आता माजं आयका. पोरगं गाडीत न्हाय. सोमवारपास्नं एकच धरून बसलाय, करीन तर सोलापूरचीच. आज समद्यांनी समजावलं, पर त्यो गाडीत बसलाच न्हाय. डायव्हरला घिऊन मी एकलीच करकंबच्या पाव्हण्यांची माफी मागाया निघालीया.”

“मग मला कशाला बोलायला लावलेत?” मी विचारले.

“तितं मला त्येच म्हणायचं हाय न्हवं? सत्तर वर्सांत कदी म्हणलं न्हाय. म्हणलं आदी दुसऱ्या कुणाच्या तोंडनं आयकावं, कसं वाटतंय त्ये.” त्या थांबल्या. “लई काय वंगाळ वाटत न्हाय. करकंबला जाऊन, मागं फिरून पोराला घिऊन येते. चारपर्यंत पोचू.”

फोन बंद झाला. सृष्टीने माझ्या पायांना हात लावला आणि लगेच आत पळाली, कारण तिला रडायचे होते आणि आमच्या घरात बाहेरच्यांसमोर रडत नाहीत. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पदर नीट केला.

“मुलगा हट्टी आहे,” मी जाहीर केले. “सोमवारीच सांगितले होते.”

यावर कोणाला काही म्हणायचे असल्यास मी थोडा वेळ दिला. सिद्धराम पुन्हा वर्तमानपत्राआड गेला.

“पूनम, शेंगाच्या पोळ्यांची तयारी कर,” मी म्हटले. “आणि कणीक जास्त भिजव. हट्टी माणसे भरपूर जेवतात.”